साचा तोच, दाणा वेगळा

मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या एका मुलाचा प्रश्न थोडक्यात असा: “ताई, पुण्यात चार वर्षं अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळलोय, त्यामुळे डिस्क फेकायची सवय आहे. इकडे मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला शिकायला आल्यावर डिस्क गोल्फ सुरू केलं, गोल्फसारखंच, फक्त चेंडूऐवजी डिस्क फेकत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. दुकानात टीबर्ड नावाची एकच डिस्क ९-१० डॉलरलाही दिसते आणि २० डॉलरलाही. दुकानदार म्हणतो, प्लास्टिक वेगळं आहे. पकड, उड्डाण, टिकाऊपणा यांत खरंच इतका फरक पडतो का? आणि मी कुठलं घेऊ?”

फरक पडतो, तू विचारलेल्या तिन्ही बाबतींत पडतो. पण महाग ते चांगलं आणि स्वस्त ते शिकाऊ पोरांसाठी, असा हिशेब मांडलास तर फसशील. मी पहिली दोन वर्षं हाच हिशेब मांडून बरेच डॉलर झाडीत आणि तळ्यात घातले. त्या दोन टीबर्ड हातात आणि हवेत अगदी वेगळ्या वागतात. नाव असतं ते साच्याचं. डिस्क घडते ती साचा, दाणा आणि वय या तिघांमुळे.

दाणा म्हणजे मोल्डिंगवाल्यांच्या बोलीत प्लास्टिकचा कच्चा माल. भोसरीच्या एका मोल्डिंग शॉपमध्ये मी ६ वर्षं क्वालिटीला होते, नंतर इथे मिशिगनमध्ये गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले. डिस्क गोल्फ खेळायला लागून १४ वर्षं होतील. दुकानात लोक डिस्कचा रंग आणि शिक्का बघत असतात, तेव्हा मी ती उलटीसुलटी करून नखाने कड चाचपत असते. नवरा म्हणतो, तू डिस्क घेत नाहीस, पार्ट रिजेक्ट करायला येतेस.

तूही करून बघ. कुठलीही डिस्क घे. बरोबर मध्यभागी एक बारीकशी गुठळी किंवा कापल्याची खूण असते. वितळलेलं प्लास्टिक तिथून साच्यात शिरतं, तो गेट. आता बाहेरच्या कडेवरून आडवं नख फिरव, एक शिवण लागेल. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात ती ही पार्टिंग लाइन. डिस्क टेबलावर ठेवल्यावर ही शिवण किती उंचीवर येते, यावर तिचा स्वभाव बराचसा ठरतो. शिवण उंच असेल तर डिस्क ओव्हरस्टेबल, म्हणजे उजव्या हाताने बॅकहँड मारलास तर वेगात असताना उजवीकडे कलणार नाही आणि वेग संपला की ठामपणे डावीकडे उतरेल. शिवण खाली आली की ती उजवीकडे कलायला तयार होते, अंडरस्टेबल होते. तुझ्या माझ्या डोळ्यांना हा फरक दिसायचाही नाही. माझ्याकडच्या दोन टीबर्डमध्ये तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे, व्हर्नियर लावल्यावर कळला. हवेत मात्र तो आंधळ्यालाही कळेल.

साचा एकच असताना हा फरक येतो कुठून? आकसण्यातून. साच्यात गरम असलेलं प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि प्रत्येक दाणा आपापल्या मापाने आकसतो. साधं पॉलिइथिलीन दीड ते चार टक्क्यांपर्यंत आकसतं, पॉलियुरेथेन सहसा त्याहून बरंच कमी. २१ सेंटीमीटरच्या डिस्कला एका टक्क्याचा फरक म्हणजे २ मिलिमीटर झाले की! त्यातून डिस्कची कड जाड आणि वरचा पत्रा पातळ. पत्रा आधी घट्ट होतो, कड मागाहून निवते आणि निवताना आकसून त्या पत्र्याला चहूबाजूंनी आत दाबते. पत्रा जाणार कुठे? वर. विस्तवावर धरलेल्या पापडाची कड आखडली की मधला भाग फुगून येतो, तसा. यालाच आपण घुमट म्हणतो. घुमट असलेली डिस्क हवेत जास्त वेळ तरंगते, सपाट डिस्क हवा कापत जाते आणि लवकर खाली बसते. मशीनवाल्याने निववण्याची वेळ दोन-चार सेकंदांनी कमी केली, तरी घुमट बदलतो. त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच प्लास्टिकच्या, पण वेगवेगळ्या लॉटच्या डिस्कही सारख्या निघत नाहीत. भोसरीत असा पार्ट आला असता तर मी लॉट परत पाठवला असता. इथे लोक त्याच लॉटसाठी रांगा लावतात आणि दुप्पट पैसे मोजतात.

म्हणून डिस्कवर छापलेल्या चार आकड्यांवर फार विसंबू नकोस. टीबर्डचे आकडे ७, ५, ०, २. पहिला वेग, दुसरा तरंगणं, तिसरा टर्न म्हणजे वेगात असताना उजवीकडे कलणं (उणे जितका जास्त, तितकी जास्त कलते), चौथा फेड म्हणजे शेवटी डावीकडे उतरणं. बहुतेक वेळा हे आकडे साच्याचे असतात, प्लास्टिक कुठलंही असो.

आता प्लास्टिकं. प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलंय, पण घराणी मोजून चार आहेत.

पहिलं घराणं साध्या प्लास्टिकचं. इनोव्हाचं डीएक्स, डिस्कक्राफ्टचं प्रो-डी, लॅटिट्यूड ६४ चं रेट्रो, डायनॅमिक डिस्क्सचं प्राइम, एमव्हीपीचं इलेक्ट्रॉन, प्रॉडिजीचं ३००. कोरडं, किंचित खडूसारखं लागतं, नखाने ओरखडा उठतो. तुझी ती ९-१० डॉलरची टीबर्ड यातली. दुसरं घराणं पारदर्शक आणि कडक. चॅम्पियन, झी, ऑप्टो, ल्युसिड, व्हीआयपी, प्रोटॉन. उजेडात धरलंस तर लिमलेटच्या गोळीसारखं दिसतं आणि ओल्या हाताला लागतंही तसंच. तिसरं घराणं अपारदर्शक, टिकाऊ, पण हाताला जरा मऊ. स्टार, ईएसपी, गोल्ड, फ्यूजन, टूर्नामेंट, न्यूट्रॉन. हे बोटांना खोडरबराच्या जवळचं वाटतं. चौथं घराणं लवचीक, स्लिपरच्या पट्ट्यासारखं. जीस्टार, एफएलएक्स, कास्टाप्लास्टचं के-वन सॉफ्ट. पहिलं सोडून बाकीची तिन्ही घराणी साधारण १७ ते २० डॉलरच्या घरात आणि त्यांचा पाया बहुतेक पॉलियुरेथेनच्या जातीचा. नेमकं मिश्रण कुठलीच कंपनी सांगत नाही. मसाल्याचं प्रमाण कुठली सुगरण सांगते?

शिवाय अंधारात चमकणारं, धातूची चकमक घातलेलं, हवेचे बुडबुडे सोडून हलकं केलेलं, अशी पोटघराणी आहेतच. इनोव्हाचं ब्लिझार्ड आणि एमव्हीपीचं फिशन ही बुडबुडेवाली. पॉलियुरेथेन मूळचं जड असल्यामुळे नुसत्या त्याची मोठी ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, हलकी करणं अवघड जातं, म्हणून ही युक्ती. ज्यांचा हात अजून जोरात चालत नाही त्यांना १५०-१६० ग्रॅमची अशी डिस्क फार कामाची. माझ्या सासूबाई इथे येतात तेव्हा तीच फेकतात. चमकणारं प्लास्टिक त्याच नावाच्या साध्या डिस्कपेक्षा कडक आणि थोडं जास्त ओव्हरस्टेबल निघतं, एवढं लक्षात ठेव. बाकी रंगांच्या लहरी आणि शिक्के, तो खरोखर नुसता विक्रीचा खेळ.

पकड

अल्टिमेटवाल्यांची इथे पहिली गडबड होते. तू पुण्यात ज्या डिस्कने खेळलास ती १७५ ग्रॅमची आणि व्यास सुमारे २७ सेंटीमीटर. ती डिस्कक्राफ्टची अल्ट्रा-स्टार असेल तर गंमत म्हणजे ती कंपनी तुझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, विक्समला आहे. डिस्क गोल्फची ड्रायव्हर जवळपास तेवढ्याच वजनाची, पण व्यास २१ सेंटीमीटर आणि कड धारदार, रुंद. डिस्ट्रॉयर नावाच्या ड्रायव्हरची कड २ सेंटीमीटरहून जास्त भरते. अल्टिमेटमध्ये बोटं डिस्कच्या पोटाखाली आरामात पसरतात. इथे चार बोटांची मूठ आत वळते आणि सगळा जोर शेवटच्या क्षणी तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीत येतो. ती चिमूट जरा आधी सुटली की डिस्क डावीकडे, जरा उशिरा सुटली की थेट उजवीकडच्या झाडीत. प्लास्टिकची पकड महत्त्वाची ठरते ती त्या एका क्षणापुरती.

दुकानात पकड तपासणं म्हणजे दिवाळीत छत्री तपासण्यासारखं. तिथे एसी असतो, हात कोरडे असतात, सगळीच डिस्क छान लागते. मी एक करते. कडेवर तोंडाने गरम वाफ सोडते, चष्मा पुसताना सोडतो तशी, आणि लगेच त्या जागी चिमटीत धरून दुसऱ्या हाताने डिस्क ओढते. साधं प्लास्टिक हलत नाही. तिसऱ्या घराण्याचं थोडं सरकून थांबतं. लिमलेटवालं सुळ्ळकन निसटतं. दुकानदार बघत राहतो, राहू दे.

मिशिगनचा जुलै दमट. तळहाताला घाम आला की कडक पारदर्शक डिस्क त्रास देते, साधी आणि स्टारच्या जातीची कमी देते. पाऊस असेल तर टॉवेल दोन ठेव, एक पिशवीच्या आत कोरडा. हातावर पांढऱ्या भुकटीची पिशवी चोळतात तीही कामाची, पण चिखल झाल्यावर भुकटीचं पिठलं होतं. वापरून ओरखडे पडलेली साधी डिस्क पावसात नव्या डिस्कपेक्षा चांगली धरली जाते. ते बारीक ओरखडेच बोटांना आधार देतात.

खरी परीक्षा थंडीत. एका नोव्हेंबरात, ४ अंश तापमान आणि भुरभुर पाऊस असताना, एक गुळगुळीत लिमलेटी ड्रायव्हर माझ्या हातातून उलट्या बाजूला निसटली आणि मागे बाकावर ठेवलेल्या चहाच्या थर्मासवर आदळली. थर्मास गेला, डिस्कवर ओरखडासुद्धा नाही. टिकाऊपणाला पैकीच्या पैकी मार्क. थंडीत सगळंच प्लास्टिक कडक होतं, पण सारखं नाही. लिमलेटवालं फरशीसारखं होतं, साधंही पाटीसारखं होतं, आणि जे उन्हाळ्यात नको इतकं लुळं वाटतं ते जीस्टार किंवा एफएलएक्स बरोबर हवं तितकं मऊ राहतं. म्हणून चौथ्या घराण्याची डिस्क मी डिसेंबर ते मार्च पिशवीत ठेवते. मे महिन्यात तीच कडेला वाकते आणि जोरात फेकली तर सुटताना थरथरते. बर्फात खेळायचं असेल तर डिस्कच्या पोटाला रंगीत फीत चिकटवून ठेवतात, डिस्क भुसभुशीत बर्फात शिरली तरी शेपटी वर राहते. आणि पांढरी डिस्क घेऊ नकोस. हे सांगायची गरज नसावी, पण मी घेतली होती.

उड्डाण

ढोबळ नियम असा की एकाच साच्याच्या नव्या डिस्क घेतल्या तर लिमलेटवाली सगळ्यांत ओव्हरस्टेबल, स्टारवाली तिच्या खालोखाल आणि थोडी जास्त तरंगणारी, साधी सगळ्यांत सरळ किंवा उजवीकडे कलणारी. नियमाला अपवाद भरपूर, कारण वर सांगितलेला आकसण्याचा खेळ. तरी आंधळेपणाने डिस्क मागवायची वेळ आली तर हा नियम बरा.

जमिनीवरही प्लास्टिक आपलं वागणं दाखवतं. कडक आणि गुळगुळीत डिस्क जमिनीला टेकली की घसरत, उड्या मारत पुढे जाते. कोपऱ्याआडच्या बास्केटकडे जायचं असेल तेव्हा हे वरदान. बास्केटच्या मागे उतार असेल तेव्हा शाप. केन्सिंग्टन पार्कमधला टोबोगन कोर्स हिवाळ्यात मुलं घसरगुंडी खेळतात त्या टेकडीवर मांडलेला असतो. तिथे माझी कडक डिस्क बास्केटपाशी पडली आणि खाली, जिथून फेकली होती जवळपास तिथेच, परत आली. तेव्हापासून तिथे मी मऊ डिस्कने जवळची फेक करते. ती पडते आणि बसते.

आता सगळ्यांत चिवट गैरसमज. भारी, म्हणजे महागडं, प्लास्टिक लांब जातं म्हणतात. नाही जात. अंतर येतं हाताच्या वेगातून आणि नाक, म्हणजे पुढची कड, वर न उचलता डिस्क सोडण्यातून. भारी प्लास्टिकची नवी ड्रायव्हर जोरदार हाताच्या माणसाला हवी असते, कारण त्याच्या वेगात साधी डिस्क उजवीकडे उलटून पडते. तुझा वेग अजून तेवढा नाही. तू चॅम्पियनमधली नवी टीबर्ड फेकशील आणि ती ६०-७० मीटरवर डावीकडे नांगर टाकेल, तुला वाटेल आपलंच चुकतंय. अल्टिमेटमधून आलेले तर सवयीने डिस्क डावीकडे झुकवून सोडतात, म्हणजे आणखी वाईट. तुला हवी ती सरळ राहणारी, उजवीकडे जरा कलणारी डिस्क. म्हणून टीबर्ड कुठल्या प्लास्टिकमध्ये घेऊ याचं माझं उत्तर: सध्या टीबर्ड घेऊच नकोस, लेपर्ड घे. तिचे आकडे ६, ५, उणे २, १.

टिकाऊपणा

इथे जरा थांबते, कारण लोक जास्तीचे १० डॉलर मोजतात ते याच शब्दासाठी.

साधी डिस्क झाडावर आदळली की कडेच्या नाकावर खाच पडते. ओक किंवा मेपल असेल तर एका फटक्यात कड अशी मुडपते की बोट फिरवलं तर कुसळ टोचल्यासारखं लागतं. अशा पंधरा-वीस फटक्यांनी नाक गोलसर आणि खाली दबलेलं होतं, आणि नाक खाली म्हणजे शिवण खाली. डिस्क अंडरस्टेबल होत जाते. भारी प्लास्टिकवर त्याच झाडाचा नुसता ओरखडा उठतो. तिला तेवढं बदलायला काही वर्षं लागतात.

म्हणजे भारी डिस्क घ्यावी, हे उघड वाटतं. आता माझी गोष्ट ऐक. सुरुवातीला घेतलेली निळी डीएक्स लेपर्ड माझ्याकडे अजून आहे. पहिल्या महिन्यात ती सरळ जाऊन शेवटी किंचित डावीकडे उतरायची. तेव्हाच्या कोर्सवरच्या मोजक्या झाडांनी तिला तीन महिने बडवल्यावर ती उजवीकडे कलून परत सरळ यायला लागली, आणि माझ्या तेव्हाच्या हाताला ती सगळ्यांत लांब जायची. वर्षभराने ती फक्त उजवीकडे जायची. तेव्हा मी तिला कडेवर टाकून चाकासारखी पळवायला शिकले, रोलर म्हणतात तो. आज फांद्यांच्या खालून निघायचं असलं की तीच काढते. १० डॉलरात मला तीन डिस्क मिळाल्या, फक्त एकामागून एक. जुने खेळाडू रॉकसारख्या मिडरेंजच्या, म्हणजे मधल्या अंतराच्या, तीन-चार साध्या डिस्क वेगवेगळ्या वयाच्या बाळगतात, नवी डावीकडच्या वळणाला, मधली सरळला, जुनी उजवीकडच्याला. हाताचा झटका तोच ठेवायचा, डिस्क बदलायची. २००० च्या सुमारास पॉलियुरेथेनची ही टिकाऊ प्लास्टिकं आली, त्याआधी सगळे असेच खेळायचे. दुसरं होतंच काय?

टिकाऊ डिस्कचा गुण इतकाच की ती बदलत नाही. तिचा स्वभाव तुला आवडला असेल तर तो वर्षानुवर्षं तसाच मिळतो. नसेल आवडला, तर तेही वर्षानुवर्षं.

आणि हिशेब करणाऱ्यांनी एक विसरू नये. बहुतेक डिस्क झिजून संपत नाहीत, हरवतात. त्यातल्या बऱ्याच पाण्यात बुडतात. तळ्यावरून फेकायचं असेल तर मी अजूनही साधी डिस्क काढते, मनाला बरं वाटतं, फेकही मोकळी होते. पोटावर मार्करने नाव आणि फोन नंबर लिही. इथले लोक डिस्क सापडली की फोन करतात, हा या खेळातला मला सगळ्यांत आवडणारा भाग.

टिकण्याची परमावधी सांगते. ज्यांना या खेळाचे जनक मानतात ते एड हेड्रिक. मुळात व्हॅम-ओ कंपनीत फ्रिस्बीचं डिझाइन सुधारणारे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिला कायमचा कोर्स मांडला, साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोक्यात आलं, दाण्यात राख किती टक्के चालली असेल. सवयच तशी.

निगा म्हणशील तर फार नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत डिस्क उभ्या दाबून ठेवू नकोस, गरम होऊन वाकतात. भारी प्लास्टिकची डिस्क झाडाला लपेटून पुरीसारखी मुडपली तर गरम पाण्यात काही मिनिटं बुडव, सपाट जागेवर ठेवून थंड होऊ दे, बरीचशी मूळ आकारात येते. साधी अशी परत येत नाही, हाताने उलटी वाकवून जमेल तेवढी सरळ करायची. कडेवरचं कुसळ बारीक पॉलिश पेपरने घास. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेचे नियम साच्यातले दोष आणि ओरखडे गुळगुळीत करण्याइतकं घासणं चालवून घेतात, पण उड्डाण बदलेल असं काही केलेलं चालत नाही, आणि तडा गेलेली डिस्कही नाही. कडाक्याच्या थंडीत दगडावर आपटलेल्या डिस्कची कड म्हणून एकदा नीट बघून घ्यावी. वजनाचीही मर्यादा आहे, व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅम. २१.२ सेंटीमीटरच्या डिस्कला ते सुमारे १७६ ग्रॅम होतात. नव्या माणसाला त्या मर्यादेच्या जवळ जायची काहीच गरज नाही.

मग घ्यायचं काय

पटर, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क, साध्या प्लास्टिकची घे. यावर मी कुणाशीही वाद घालीन. पटरने झाडं फोडायची नसतात, ती साखळ्यांत टाकायची असते, त्यामुळे झिजण्याचा प्रश्न फारसा येत नाही. बोटांतून ती दर वेळी सारखी सुटायला हवी आणि त्या कामात कोरड्या खडूसारख्या प्लास्टिकला तोड नाही. डीएक्समधली एव्हिएर घे, किंवा इलेक्ट्रॉनमधली एमव्हीपीची एखादी. ती कंपनीही आपल्याच मिशिगनची, मार्लेटची. कडक घ्यायची की मऊ, हे हातावर आहे. मऊ पटर साखळ्यांना बिलगते आणि चुकली तर फार लांब घरंगळत नाही. कडक पटर बोटांतून स्वच्छ सुटते. मी उन्हाळ्यात कडक, हिवाळ्यात मऊ वापरते. आणि एकसारख्या दोन घे. एक फक्त बास्केटसाठी, दुसरी टी-पॅडवरून, म्हणजे पहिली फेक करायच्या ओट्यावरून, फेकायला. तिलाच झाडांचा मार खाऊ दे.

मिडरेंज टिकाऊ प्लास्टिकची असावी, कारण वर्षभर सगळ्यांत जास्त फेकशील ती हीच. डिस्कक्राफ्टची बझ घे, आकडे ५, ४, उणे १, १. ईएसपीमध्ये घेतलीस तर पकड बरी. झीमध्ये जरा ठाम उडते. तू बोटांना घाम येणाऱ्यांपैकी असशील तर ईएसपी.

ड्रायव्हर म्हणून लेपर्ड, स्टार प्लास्टिकमध्ये, १६५ ते १७० ग्रॅम. ॲन आर्बरजवळच्या हडसन मिल्स पार्कच्या कोर्सवरची झाडं साध्या ड्रायव्हरला एका हंगामात म्हातारी करतात, आणि शिकताना डिस्कच बदलत राहिली तर चूक हाताची की डिस्कची हे कळत नाही. माझ्या निळ्या लेपर्डचं कौतुक सांगून आता स्टार घे म्हणते, हे मला दिसतंय. माझा तेव्हाचा कोर्स मोकळा होता, तीन महिने झाडं मोजकी लागायची. तू थेट जंगलात सुरुवात करतोयस. शिवाय तू मागाहून एक डीएक्स लेपर्ड घेशीलच, सगळे घेतात. तेव्हा दोन्हींवर तारीख लिही आणि शाळेच्या रिकाम्या मैदानावर महिन्यातून एकदा दोन्ही पाच-पाच वेळा फेक, वारा नसताना. पुस्तकी बोलण्यापेक्षा त्यात जास्त कळेल.

डिस्ट्रॉयर घेऊ नकोस. १२, ५, उणे १, ३ हे आकडे बघून हात शिवशिवतील. वर्षभर तरी नको.

जीस्टार किंवा एफएलएक्समधलं काही घ्यायचं ते थँक्सगिव्हिंगनंतर, पहिला बर्फ पडला की. तेव्हाही दुकानात वाफेचा प्रयोग कर, आणि जमलं तर डिस्क पाच मिनिटं बाहेर गाडीच्या टपावर ठेवून मग कर. परवानगी विचारून. मी न विचारता केला होता, त्या दुकानात अजून मला बघून गल्ल्यावरचा मुलगा डिस्क मोजतो.

मी रविवारी सकाळी आठला हडसन मिल्सला असते. निळी लेपर्ड तुला फेकायला देईन, लिमलेटवाली टीबर्डही देईन. थर्मास नवा आहे, माझ्या मागे उभा राहू नकोस.